दुष्काळातला पुराचा विमा

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. विमा पाहावा काढून असं कोणी म्हणत नाही, कारण ज्याने ती म्हण रचली त्याची नानासाहेबांशी कधी गाठ पडली नव्हती.

दोन हजार सोळा सालचा मे महिना होता. चार वर्षांत तीनदा पावसाने दगा दिला होता. लातूरला रेल्वेने पाणी चाललं होतं, जायकवाडीच्या तळात बैलगाडी फिरवता येत होती, आणि पहाडसिंगपुऱ्यात टँकरचा भोंगा वाजला की माणसं जेवण टाकून पळत होती. अशा दिवसांत हा गृहस्थ विमा कंपनीच्या कचेरीत गेला आणि म्हणाला, "पुराचा विमा पायजे."

टेबलामागच्या साहेबाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"काका, आगीचा घ्या, चोरीचा घ्या, भूकंपाचा घ्या. पूर कुठून आणू मी तुमच्यासाठी? इथं बादली भरत नाही."

"ते बी द्या सगळे. पण पूर आधी लिवा."

कचेरीतली चार माणसं हसली. शिपाईसुद्धा हसला, आणि तो तर स्वतः सकाळी आंघोळ न करता आला होता. नानासाहेब हसले नाहीत. ते समोरच्या खुर्चीत बसून राहिले, आणि अर्ज हातात पडेपर्यंत उठले नाहीत.

त्यांच्यावर हसणं सोपं होतं. पण दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि नानासाहेबांचं तोंड भाजलं होतं ते बाराव्या वर्षी. त्यांचं मूळ गाव पैठणच्या अंगाला, गोदावरीच्या काठाला. धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. लोकांना वाटतं की पाणी आलं म्हणजे लाटा उसळत, गर्जना करत आलं असणार. तसं काही झालं नाही. ते दबकत आलं. रोज हातभर. आज शिवारात, उद्या वेशीत, परवा ओट्याच्या पहिल्या पायरीला. वडील समोरच्या टेकाडावर बसून आठ दिवस आपलं घर बघत होते, आणि लहानगा नाना त्यांच्या शेजारी. नवव्या दिवशी बघायला काही उरलं नाही. वडील उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "चला." पुढे नव्या गावठाणात घर झालं, जमीन मिळाली, पोटाला अन्न मिळालं. पण नानाच्या मनात एक गोष्ट कायमची बसली. पाणी आवाज न करता येतं आणि घर घेऊन जातं.

पुढे त्यांनी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं लेथ चालवली. कंपनीने वेळेआधीच निवृत्त केलं तेव्हा सगळी पुंजी घालून त्यांनी पहाडसिंगपुऱ्यात, डोंगराच्या पायथ्याशी, वरखाली तीन-तीन खोल्यांचं घर बांधलं. उंचावर, उतारावर, नदी-नाल्यापासून लांब. जागा बघताना त्यांनी विहीर आहे का, नळ आहे का, हे विचारलंच नाही. पाणी नाही ना, हे विचारलं. स्वतः चिकलठाण्यातल्या दोन खोल्यांतच राहायचं आणि हे भाड्याने द्यायचं, असा बेत होता. दोन कुटुंबं ठरली होती. दोन्ही एक जूनला राहायला येणार होती. दोन्हीकडे मिळून पाच लहान मुलं.

त्या पाच मुलांनी नानासाहेबांची झोप उडवली. "दुसऱ्याची लेकरं आपल्या छपराखाली झोपणार. आधी विमा, मंग चावी," असं त्यांनी बायकोला, म्हणजे आवडाबाईंना, बजावलं होतं. विमा भिंतींचा असतो, मुलांचा नसतो, हे त्यांना तिघांनी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं.

घर रिकामं असल्यामुळे कंपनीने आधी पाहणी करायचं ठरवलं आणि एक इंजिनिअर पाठवली. सावनी राजूरकर तिचं नाव. डोक्याला-तोंडाला ओढणी गुंडाळून, स्कुटीवरून, सकाळी दहालाच ती आली. ओढणी सोडल्यावर कळलं की पोरगी पंचविशीतली आहे. नानासाहेबांनी हजेरीला कडुबा मिस्त्रीलाही बोलावून ठेवलं होतं. घर त्यानेच बांधलेलं. काही विचारलं तर जबाब द्यायला माणूस हवा.

सावनीने भिंती ठोकून पाहिल्या, वायरिंग पाहिलं, गच्चीवर जाऊन आली. सगळं चोख होतं. मग ती खालच्या मागच्या खोलीत गेली आणि दारातच थांबली.

"काका, हे काय?"

खोलीच्या मधोमध, फरशी कापून, हातभर लांब-रुंद काळा दगड तसाच ठेवलेला होता. त्याला शेंदूर फासलेला, वर वाळलेली फुलं, बाजूला नारळाची शेंडी.

"म्हसोबा हाये," आवडाबाई म्हणाल्या. "पाया खांदताना निघाला. कडुबानं पहार लावली तर हलला नाय. जागृत हाये."

कडुबाने मान डोलावली. आपल्याकडे जमिनीत घडीव दगड निघाला, की तो काय आहे हे कोणी विचारत नाही; कोण आहे हे विचारतात. त्याने त्याच दिवशी शेंदूर आणला होता. नानासाहेबांनीही देवाशी वाद नको म्हणून फरशी कापून घेतली होती.

सावनी खाली वाकली. तिने दगडावर पंजा टेकला आणि चटकन उचलला. मग भिंतीला लावला, पुन्हा दगडाला लावला.

"हा ओला आहे."

"घाम येतो त्याला," आवडाबाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "उन्हाळ्यात जास्तच. मी कुणाला बोलले नाय. लोक जमले तर भाडेकरू कशाला येतील?"

बाहेर त्रेचाळीस अंशांचं ऊन होतं. घराला नळ नव्हता, टाकी कोरडी होती, आणि या दगडावर दव पडल्यासारखं पाणी साचलं होतं. नानासाहेब उंबरा ओलांडून आत आले. त्यांनी आजवर या खोलीत फार वेळ काढला नव्हता. देवाचं काम बायकोचं, म्हणून ते दारातूनच हात जोडून परतायचे.

"हे उचलल्याशिवाय मला अहवाल लिहिता येणार नाही," सावनी म्हणाली. "ओल कुठून येते ते लिहावं लागतं."

बरीच हो-नाही झाली. शेवटी आवडाबाईंनी दगडाची माफी मागितली, कडुबाने दोन पहारी लावल्या, नानासाहेबांनी जोर लावला, आणि दगड एकदम सैल होऊन बाजूला सरकला. इतका अलगद की कडुबा मागे पडला. ज्याला तो दोन वर्षं हलत नाही म्हणत होता, तो हलवण्यासाठीच केलेला होता.

आधी वारा आला. गार, ओला, दगडाचा वास असलेला वारा चौघांच्या तोंडावर आला. मे महिन्यात तसा वारा पैसे देऊन मिळत नाही. मग आवाज ऐकू आला. अगदी बारीक, सारखा, शांत.

सावनीने मोबाईलचा उजेड खाली सोडला आणि नानासाहेब पोटावर पालथे पडून बघायला लागले.

दोन पुरुष खोल दगडी चर होता. वरून कमानीसारखा बांधलेला, आतून चुन्याने गिलावा केलेला. आणि त्यातून पाणी चाललं होतं. साचलेलं नव्हे, चाललेलं. काचेसारखं स्वच्छ, घोट्यापेक्षा थोडं वर, डोंगराकडच्या काळोखातून येत होतं आणि शहराकडच्या काळोखात जात होतं. कसली घाई नाही, खळखळ नाही. उजेडात तळाचा खडान् खडा दिसत होता.

"नहर," सावनी म्हणाली. "काका, ही नहर आहे. मलिक अंबरच्या काळापासून अशा बांधत आले. डोंगरात झिरपणारं पाणी जमिनीखालून नुसत्या उतारावर शहरात आणायचे. पंप नाही, काही नाही. चारशे वर्षं झाली. मी कॉलेजात वाचलं होतं. बघितली आज पहिल्यांदा."

ती फरशीवर बसूनच राहिली. तिच्या मांडीवरचा अर्ज घसरून पडला, तरी तिने उचलला नाही.

नानासाहेब अजून पालथेच होते. तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस तो. त्याचा डोळा आधी सांध्यावर जातो. एका दगडाला दुसरा दगड असा बसवला होता की मध्ये सुताचाही फरक नव्हता. आणि उतार? पाणी पळूही नये आणि थांबूही नये, असा उतार कोसभर लांब राखायचा, तोही काळोखात, दिवट्यांच्या उजेडात, हाताने. त्यांच्या कारखान्यात परदेशी यंत्रं होती, तरी दहातला एक नग वाया जायचा. ज्यांनी हे केलं त्यांनी कुठेही नाव कोरलं नव्हतं. नानासाहेबांना वाटलं, आपण तीस वर्षं नुसतं लोखंड खरवडलं. काम हे इथं आहे. आयुष्यात त्यांनी कोणाच्या कारागिरीपुढे असं मनापासून डोकं टेकलं नव्हतं. आज ते फरशीला टेकलेलंच होतं.

"म्हंजी मी दोन वर्सं झाकणाला नारळ फोडले?" आवडाबाई म्हणाल्या.

कडुबा खिडकीबाहेर बघायला लागला. आवडाबाई त्याला आणखी बोलणार होत्या, पण त्याही वाकल्या, आत पाहिलं, आणि त्यांचे हात आपोआप जुळले. "झाकणाला नाय," त्या म्हणाल्या. "आत जे हाये त्याला फोडले."

"ही जाती कुठं?" नानासाहेबांनी विचारलं.

"कोणाला ठाऊक! बहुतेक नहरी बुजल्यात. वर रस्ते झाले, घरं झाली. ही पुढे कुठेतरी जमिनीत मुरत असेल."

आणि मग नानासाहेब उठून बसले, आणि आश्चर्य ओसरलं तशी त्याच्या मागून भीती आली. पाणी. त्यांच्या घराखाली. डोंगर बघून, उतार बघून, नदीपासून लांब बघून घेतलेल्या जागेच्या पोटात, आवाज न करता, पाणी. ज्याला चुकवायला चाळीस वर्षं पळाले, ते आधीच येऊन बसलं होतं.

सावनीने कचेरीत फोन लावला. बराच वेळ बोलली. फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

"साहेब म्हणतात, घराखाली उघडा पाण्याचा मार्ग असेल तर पूर देता येणार नाही. पूर वगळून पॉलिसी देतो म्हणतात. नाहीतर हे तोंडापर्यंत काँक्रीटने भरून टाका, फोटो पाठवा, पूर आजच देतो."

"भरून टाकायचं," नानासाहेब म्हणाले. एवढ्या लगेच, की आवडाबाईंनी वळून पाहिलं.

"अवो, जरा इचार…"

"पाच लेकरं येणार हायेत या घरात. कडुबा, शिमेट किती शिल्लक हाये?"

कडुबाने सांगितलं की मागे चार पोती आहेत, खडी-वाळूही आहे. सावनीने एकदा पाण्याकडे पाहिलं. घर तिचं नव्हतं. कडुबाने अंगणात सिमेंट कालवायला वाळूचं आळं केलं.

आवडाबाई मात्र ठाम राहिल्या. देव असो की झाकण, दोन वर्षं ज्याला पुजलं त्याला हळद-कुंकवाशिवाय निरोप द्यायचा नाही. त्यांनी देवळीतला जेजुरीच्या भंडाऱ्याचा अख्खा पुडा आणला, फोडला, आणि सगळा त्या काळोखात सोडला. उजेडात पाणी क्षणभर पिवळंधमक झालं आणि पुढे निघून गेलं. "सांभाळून जा बाई," त्या म्हणाल्या. पाण्याला बाई का म्हणाल्या, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"मालक," अंगणातून कडुबा ओरडला, "माल कालवायला पाणी कुठाय? टँकर परवा येणार."

आता गंमत बघा. पाणी बुजवायला पाणी हवं होतं. घरातलं पाणी काढायला नानासाहेब तयार नव्हते. त्या भोकात दोर सोडायची कल्पनाच त्यांना सोसवेना. ते लुनाला दोन कॅन अडकवून उतारावर निघाले. अर्ध्या कोसावर खालच्या गल्लीत एक जुना दगडी हौद होता. त्याच्या भिंतीतल्या तोटीतून मनगटाएवढी धार पडायची. टँकर नसला की अख्खी वस्ती तिथेच. ही धार कुठून येते, कोणी विचारत नव्हतं. येते ना, मग झालं.

हौदावर तीस-चाळीस हंडे रांगेत होते. बायका, म्हातारे, सायकलला कॅन टांगलेले लोक. नानासाहेबांनी आपले कॅन शेवटी ठेवले आणि सावलीला उभे राहिले. अर्धा तास गेला. अजून बारा हंडे पुढे होते, तेव्हा तोटीखाली बसलेली एक बाई किंचाळली.

"अई, ये देखो! पानी कू क्या हुआ?"

धार पिवळी झाली होती. आधी फिकट, मग दाट, उन्हात सोन्यासारखी. ती धार हंड्यात पडत होती आणि हंडा भरून पिवळं पाणी दगडावर ओघळत होतं. रांग मोडली. कोणी म्हणालं, औषध टाकलंय. कोणी म्हणालं, कारखान्याचं पाणी घुसलं. एका म्हाताऱ्या चाचांनी पुढे होऊन ओंजळीत पाणी घेतलं, नाकाशी नेलं, आणि त्यांची दाढी हसायला लागली.

"अरे हल्दी है ये! पानी कू हल्दी लगी! किसके घर की शादी है रे अंदर?"

तिथल्या सगळ्यांत नानासाहेबांना एकट्यालाच माहीत होतं. ती हळद पाऊण तासापूर्वी त्यांनी आपल्या डोळ्यांनी काळोखात जाताना पाहिली होती. काळोखात जाऊन मुरली नव्हती. रस्त्यांखालून, दुकानांखालून, शे-दोनशे घरांखालून, कोणाच्या पायाला धक्का न लावता, कोणाचा उंबरा न ओलांडता, ती चालत इथे आली होती आणि या बायकांच्या हंड्यात पडत होती. चारशे वर्षं रोज अशीच. नानासाहेब रांगेतून पुढे झाले. रडू येतंय की काय, हे त्यांना कळेना.

"भिऊ नका," ते म्हणाले. "भंडारा हाये त्यो. माझ्या घरून आलाय."

"तुमच्या घरून?" तोटीपाशी बसलेल्या दुसऱ्या बाईने विचारलं. "वर कुठं राहता?"

त्यांनी हाताने डोंगर दाखवला. घराखाली काय निघालं ते मोडक्या शब्दांत सांगितलं. ऐकता ऐकता सगळे जवळ सरकले. ती बाई डोंगराकडे बघत राहिली, मग पिवळ्या धारेकडे, मग नानासाहेबांकडे. तिच्या कडेवर वर्षाचं पोर होतं.

"म्हणजे आमची लेकरं तुमच्या घरचं पाणी पिऊन वाढली म्हणायची," ती म्हणाली.

चाचांनी नानासाहेबांचे कॅन उचलून रांगेच्या पुढे ठेवले. "इनका पहला नंबर. लडकीवाले हैं," ते म्हणाले, आणि हौद हसला. नानासाहेबांनी कॅनकडे पाहिलं. हे पाणी कशाला हवंय, ते त्या माणसांसमोर उच्चारायची त्यांची छाती झाली नाही. त्यांनी दोन्ही कॅन रिकामेच लुनाला अडकवले आणि चढावर निघाले.

अंगणात कडुबा फावडं टेकून उभा होता. "पाणी?"

"नको," नानासाहेब म्हणाले आणि सरळ मागच्या खोलीत गेले. सावनी अजून त्या तोंडाशीच बसली होती, शेजारी आवडाबाई. दोघींना त्यांनी हौदावरचं सगळं सांगितलं. आवडाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"आता लिवा, पोरी," ते म्हणाले. "पूर सोडून बाकी सगळं."

सावनीने अर्ज उचलला, पण पेन उघडलं नाही. "काका, पुन्हा विचार करा. उद्या पाण्यानं काही झालं तर एका विटेचीसुद्धा भरपाई मिळणार नाही. आणि तुम्हाला तर पूरच हवा होता."

"व्हय." ते तोंडाशी बसले. आत तेच बारीक, सारखं चाललेलं पाणी. भंडाऱ्याचा मागमूस उरला नव्हता. "चाळीस वर्सं मला वाटत व्हतं, आमचं घर पाण्यानं घेतलं. पाण्यानं नाय घेतलं. पाण्याला अडवलं, म्हणून ते घरात शिरलं. वाट व्हती तवर बिचारं काठाकाठानं जात व्हतं." त्यांनी अंगणातल्या वाळूच्या आळ्याकडे बोट केलं. "आन् आज मी स्वतः धरण बांधायला निघालो व्हतो. खालच्यांच्या तोंडचं पाणी तोडून."

सावनीने मान खाली घालून लिहिलं. छापील ओळीसमोर तिने 'पूर वगळून' अशी अक्षरं काढली आणि अर्ज पुढे केला. नानासाहेबांनी तो दोनदा वाचला आणि सही केली.

कडुबा दारात येऊन उभा राहिला. "मालक, मंग दगड परत बसवू का?"

"नको. लोखंडी जाळी कर. पोराचा पाय जाणार नाय अशी, बारीक." नानासाहेब वाकून पुन्हा आत बघत होते. "लेकरं पडायला नको. पण त्यांना दिसलं पायजे."

कडुबाने खिशातून टेप काढला आणि गुडघे टेकून माप घ्यायला बसला.